धवलारणीचं उजवं काळीज

मला राग लवकर येतो. आता केस पिकले तरी येतो, मग त्या वेळचं विचारूच नका. मुंबईहून वैद्यकी शिकून मी नुकताच ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात हॉस्पिटल असिस्टंट म्हणून लागलो होतो, आणि राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर मुक्काम ठोकून होता. अशात कार्तिकातल्या एका सकाळी खाडीपलीकडची एक आगरीण धापा टाकत पडवीत आली, बाकावर बसली, सुजलेले पाय पुढे पसरले आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "तूच का रं डागतर? मिसरूड तरी फुटलंय का?"

तू! मला! आमच्या आळीत मोलकरीण देखील मला अहोजाहो करायची. मी ताडकन म्हणालो, "बाई, हा सरकारी दवाखाना आहे. नीट बोला." ती मनापासून हसली, आणि हसता हसताच तिला असा दम लागला की बाकाची कड धरून ती पुढे वाकली. तिच्या नवऱ्यानं पाठीवर हात फिरवला आणि मला हळूच सांगितलं, "रागवू नको डागतर. आमच्यात देवालाबी तूच म्हनतात."

दोघं कळव्याकडच्या एका मिठागराच्या गावातली. नवरा आगरात राबायचा, म्हणजे खाडीचं पाणी बांधाबांधांतून खेळवून उन्हात वाळवायचं आणि मीठ ओढायचं. बायको धवलारीण. हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. आमच्याकडे लग्न लावतो तो भटजी. त्यांच्याकडे लग्न लावते ती बाई. मांडवात बसून ती धवले गाते, एकेका देवाला नाव घेऊन लग्नाला बोलावते, आणि तिचं गाणं पुरं झालं की लग्न लागलं. पोथी नाही, पुस्तक नाही, सगळं गळ्यात. शिवाय एक कडक नेम: लग्नाचा धवला मध्येच तुटता कामा नये. तुटला तर तो जोडप्याला मोठा अपशकुन.

आणि या बाईला दोन ओळींच्या पुढे श्वास पुरत नव्हता.

"वैशाखात माज्या पोरीचं लगीन हाय," ती म्हणाली. "एकुलती एक पोर. गेली वीस वरसं सगल्या पंचक्रोशीची लगनं मी लावली. आन माज्या पोरीचं दुसरीनं लावायचं? त्यापरीस मी मेलेली बरी. डागतर, मना जास्ती नको. त्या एका दिसापुरता गला दे."

मी लाकडी नळी काढली. तेव्हा छातीचे ठोके ऐकायला आम्ही वीतभर लांबीच्या नळ्या वापरत असू. ती बघून बाई म्हणाली, "मना पावा देतोस व्हय? मी गायची, तू वाजवायचा?" नवरा खुदकन हसला. मी काही हसलो नाही, पण कान लावला आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. प्रत्येक ठोक्याच्या आधी एक खोल गुरगुर ऐकू येत होती. पुस्तकात वाचलेली, मुंबईच्या इस्पितळात दोनदाच ऐकलेली. काळजाच्या डाव्या बाजूला वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये जे दार असतं ते आखडलं की अशी गुरगुर होते. मी विचारलं, "लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते का?" ती चकित झाली. "तुला कुनी सांगितलं? म्हयनाभर उचलून न्यायची आय मना."

आता खरं तर दुखणं डाव्या बाजूला, पण डोळ्यांना दिसत होतं ते सगळं उजव्या बाजूचं. मानेतली शीर तट्ट फुगून उडत होती. उजव्या बरगडीखाली यकृत तीन बोटं खाली उतरलेलं, हात लावला की ती कळवळे. पायाच्या सुजेत बोट रुतवलं की खड्डा तसाच राही. मी तिला म्हटलं, "दोन ओळी म्हणा बघू." तिनं म्हटल्या. पहिल्या ओळीला शीर कानापर्यंत चढली, दुसरीला श्वास संपला. आवाज मात्र, अहाहा! पडवीतले रोगी कण्हायचे थांबले.

सिव्हिल सर्जन साहेबांनी नळी लावली, मान हलवली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की दार काही उघडता यायचं नाही, सहा महिने काढले तर पुष्कळ. साहेब माणूस भला होता आणि खोटं बोलत नव्हता. पण मला राग आला. कुणाचा, ते नाही सांगता येत. त्या दाराचाच आला असेल.

पुढच्याच रविवारी होडीनं खाडी ओलांडून मी त्यांच्या घरी गेलो. नवऱ्याला दुखणं समजावून सांगू लागलो. डावं दार अरुंद, त्यामुळे रक्त फुफ्फुसात तुंबतं, उजवी बाजू ते रेटून रेटून दमते, असं काहीबाही. तो ऐकत होता आणि मी जास्तच जास्त पुस्तकी बोलत होतो. शेवटी त्यानं मला हाताला धरून आगराच्या बांधावर नेलं. "ही शेवटची उघाडी बघ," पाणी सोडायच्या झडपेकडे बोट दाखवत तो म्हणाला. "ती गालाचिखलानं अर्धी बुजली. मंग पानी या कोंड्यात, या वाफ्यात, तुंबतं. मंग त्याच्या मागच्या कोंड्यात. मंग पार पयल्या बांधावर जोर येतो, तो फुगतो, पाझरतो, आजूबाजूला चिखल व्हतो. असंच ना?"

"अगदी असंच," मी म्हणालो. मला हे शिकायला तीन वर्षं लागली होती.

"मंग उघाडी साफ व्हत नसंल तर बांध सांभालायचा," तो म्हणाला. "दुसरं काय?"

तो पहिला बांध म्हणजे उजवं काळीज. ठरलं तर मग, बांध सांभाळायचा! मी डिजिटालिसचे थेंब सुरू केले. ते काळजाला सावकाश आणि जोरानं चालायला लावतात. ओझं उचलायचं नाही, उशाला तीन गोधड्या घालून निजायचं, आणि दर रविवारी वजन करायचं. अंगातलं पाणी उतरतंय की चढतंय ते वजनानंच कळतं. पण बाईला तोलायचं कशात? मिठाच्या गोणी तोलायचा जो मोठा काटा होता त्यात! एका पारड्यात वजनं, दुसऱ्यात धवलारीण. सगळं आगर काम सोडून बघायला जमायचं. ती पारड्यात ऐटीत मांडी घालून बसायची आणि मापाऱ्याला दम द्यायची, "बराबर तोल रं, मी काय खडे मिसळल्यालं मीठ नाय!" तिची लेक, सतरा-अठराची पोर, पदर तोंडाला लावून हसायची. ती फारसं बोलायची नाही. आईला वारा घालायची, पाय चेपायची, आणि आई जे गुणगुणेल ते कान देऊन ऐकायची.

तेव्हाच बाईनं आणखी एक गोष्ट केली, जी तिनं मला सांगितली नाही. गावदेवीला नवस बोलली. वैशाखात मुलीचं लग्न माझ्या गळ्यानं लागू दे, तोवर मी मीठ तोंडात घालणार नाही. मिठागरातल्या बाईनं मीठ सोडायचं म्हणजे काय हे तुमच्या लक्षात येतं का? त्या घरात ओसरीला मीठ, परसात मीठ, वाळत घातलेल्या धडुत्यांवर मीठ. एवढ्यात बसून ती अळणी पेज आणि अळणी भात खात होती.

पौषापासून सूज उतरू लागली. माघात पाच शेर वजन कमी, फाल्गुनात नऊ. यकृत वर सरकलं, शीर कानाखालून मानेत आणि मानेतून पार गळ्याच्या हाडाजवळ आली. दोनाच्या चार ओळी झाल्या, चाराच्या दहा. गुरगुर होती तशीच होती. पण बांध धरला होता! मी तिला साहेबांकडे नेऊन दाखवलं. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि मी जो हरभऱ्याच्या झाडावर चढलो तो खाली येईना. दवाखान्याच्या वहीत मी ऐटदार अक्षरात लिहिलं: थेंबांचा गुण. आळीत तर मी असा चालायचो की जणू ठाण्याची तलावपाळी माझ्या वडिलांनी बांधली.

शिमग्याला त्यांनी मला जेवायला बोलावलं. तेव्हा तिचं ताट बघितलं. सगळ्यांच्या ताटात कालवण, तिच्या ताटात पांढराफटक भात. नवसाचं कळलं आणि माझ्यातला नवशिका सुधारक खवळून उठला. "अहो, हा काय अडाणीपणा! अंगात रक्त नाही, त्यात मीठही सोडलंत? तुम्हाला बरं माझ्या औषधानं वाटतंय, आणि हा नवस उलट तुम्हाला अशक्त करतोय. आजपासून मीठ खायचं. माझा हुकूम समजा."

तिनं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "डागतर, तू सांगशील तसं. पन देवीला इचारते." देवळात जाऊन तिनं कौल लावला. देवीनं उजवं फूल दिलं, म्हणजे नवस सोडायला होकार. देवीला तरी माझ्या अर्ध्या ज्ञानाची काय कल्पना! धवलारणीनं नवस सोडला ही बातमी गावभर झाली आणि आनंदाला भरतं आलं. या घरातून खारे बोंबील, त्या घरातून सुकटीची चटणी, तिसरीकडून मिठात मुरवलेली कैरी. चार महिन्यांचं मीठ बाई दहा दिवसांत वसूल करत होती आणि मी कौतुकानं बघत होतो.

मधले दोन रविवार शिमग्याच्या गडबडीत चुकले; चैत्रातल्या पहिल्या रविवारी ती काट्यावर बसली. मापाऱ्यानं वजन टाकलं, आणखी टाकलं, आणखी टाकलं. पाच शेर वाढली होती! मला वाटलं काटा बिघडला. मी तिच्या मानेकडे बघितलं आणि माझी पाचावर धारण बसली. शीर पुन्हा कानाशी. पाय भरलेले. लग्नाला जेमतेम महिना.

थेंब तेवढेच. निजणं तसंच. ओझं नाही. मग बदललं काय? मी घरी गेलो, पुस्तकं चाळली, बायकोवर विनाकारण ओरडलो, जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकून पुन्हा खाडीपार. नवरा बांधावर होता. मी म्हणालो, "काय चुकतंय तेच कळत नाही. पाणी धरतंय कशानं?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "डागतर, मीठ पानी धरतं. श्रावनात गोन उघडी टाकली तं पावसाचा थेंब नको, नुस्त्या हवेतून पानी ओढते आन पाझराया लागते. हे आगरातलं शेंबडं पोरबी सांगंल."

"मग मी मीठ खा म्हणालो तेव्हा बोलला का नाहीस?"

"तू डागतर," तो म्हणाला. "मना वाटलं, मानसाच्या अंगात येगलं असंल."

दात घशात गेले म्हणतात ते असे. हे कुठल्याही पुस्तकात मी वाचलं नव्हतं हे खरं, पण तिच्या ताटात काय आहे हे चार महिने एकदाही विचारलं नव्हतं, हेही खरंच. मी तसाच तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "मावशी, मी चुकलो. मीठ बंद. आजपासून." मावशी हा शब्द कसा तोंडातून गेला ते कळलं नाही. ती गोधड्यांना टेकून बसली होती. बोलायला त्रास होत होता, तरी बोललीच. "चुकलास ना? बरं झालं. आता मिसरूड फुटंल तुला."

महिना पुरेसा नव्हता. पाच शेरांतले साडेतीन उतरले. लग्नाच्या आदल्या दिवशी मी नळी लावली आणि म्हणालो, मावशी, थोडं म्हणा, मध्ये थांबा, पुन्हा म्हणा. ती म्हणाली, धवल्यात थांबत नाय. शेजारच्या गावची धवलारीण बोलावू का, असं नवऱ्यानं भीत भीत विचारलं. तिनं नुसतं बघितलं आणि तो उठून मांडवाच्या मेढी ठोकायला गेला.

गोरज मुहूर्त. डोंबिवलीच्या खाडीकाठच्या गावातून होड्या भरून वऱ्हाड आलेलं. मांडवात मुंगीला शिरायला जागा नाही. मला मानानं पुढे बसवलेलं, आणि माझ्या मुठीत औषधाची बाटली घामानं ओली. अंतरपाट धरला. मावशी पाटावर बसली, गुडघ्यावर हात ठेवले आणि सुरू झाली.

काय सांगू! सुरुवातीचे देव तर नुसते धावतच आले. खाडीचा देव आला, वेशीचा आला, आगराच्या बांधावरचा आला. बायका डोलत होत्या. मी मात्र तिच्या मानेकडे बघत होतो. शीर चढत होती. दुसरं कडवं झालं. तिसऱ्याच्या मध्यावर ओळ अर्धी झाली आणि आवाज थांबला. तोंड उघडं, ओठ हलतायत, सूर नाही.

मांडव चिडीचूप. एक म्हातारी "देवा" म्हणून पुटपुटली. मला तिथल्या तिथे जमीन गिळेल तर बरं असं झालं. ही अर्धी ओळ माझी होती. माझ्या हुकमाच्या दीड शेराची होती. मी बाटली घेऊन उठू लागलो.

तेवढ्यात अंतरपाटाच्या पलीकडून ओळ पुरी झाली.

नवरीनं म्हटली. मान खाली, मुंडावळ्या डोळ्यांवर, आवाज आधी बारीक, मग मोकळा. नवरीनं आपल्या लग्नाचा धवला आपण म्हणायचा नसतो. असं कधी कुणी ऐकलं नव्हतं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या, वरबाप अर्धवट उठला. पोर थांबली नाही. वीस वर्षं लग्नं लावणाऱ्या आईचा शब्दन् शब्द वारा घालता घालता तिच्यात उतरला होता. कडवं संपत आलं तेव्हा मावशीला श्वास सापडला आणि ती खालच्या सुरात मिळाली. पुढची दोन कडवी दोघींनी मिळून म्हटली, एकीचा दम सरला की दुसरी, मध्ये पाण्याचा थेंब सांडला नाही. अंतरपाट दूर झाला. मी लहान मुलासारखा रडत होतो आणि मला त्याची काडीचीही लाज वाटत नव्हती.

वरबाप पुढे आला. "बाय, ह्ये चालतं का?" मावशीनं त्याच्याकडे असं बघितलं जसं मापाऱ्याकडे बघायची. "लगनाला धवलारीन एक लागते," ती म्हणाली. "तुमच्या पोराला दोन लाभल्या. कुरकुर कसली करतोस, व्याही?" मांडवात असा हशा पिकला की वाजंत्र्यांना वाजवायला सुचेना.

त्यानंतरही ती कितीतरी वर्षं अळणी जेवली आणि लग्नं लावत राहिली, बसून, अर्ध्या गळ्यानं, पण लावत राहिली. वहीत मी थेंबांच्या खाली मिठाचं सगळं लिहिलं, माझ्या हुकमासकट. साहेबांनी ते दोनदा वाचलं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशीचं मात्र सांगायचं राहिलं: सकाळी वऱ्हाड परत निघायचं होतं. भरतीच्या पाण्यावर होड्या वर डोंबिवलीकडे सहज जातात, पण भरती सरली की काठाचा चिखल धरून ठेवतो. पाणी काठोकाठ होतं, होडीत सगळे बसले होते, आणि नवरी पाऊल टाकणार तोच मावशीनं तिचा हात धरून तिला बांधावर बसवलं.

"काल तिसऱ्या कडव्यात दोन देव राह्यले तुजे," ती म्हणाली. "म्हन बघू."

पोर लाजली. होडीतून वरबाप ओरडला, "बाय, भरती सरंल! होडी बसंल चिखलात!"

"बसू दे," मावशी म्हणाली. "दोन देव उपाशी ठेवून नांदायला धाडू व्हय?"

पोरीनं म्हटलं. एक देव राहिला. पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकली, आणि मायलेकी दोघी हसत सुटल्या. पाणी ढोपरभर उतरलं. नवरदेव खाली उतरून होडी ढकलायला लागला, मी धोतर खोचून त्याच्या मदतीला गेलो, मावशीचा नवरा आला, मापारी आला. शेवटी पोर होडीत चढली आणि आम्ही रेटा देऊन होडी सोडली.

होडी मध्यावर गेली आणि तिथून पोरीचा आवाज आला. तिसरं कडवं, पहिल्या ओळीपासून. मावशी काठावर उभी होती. ती काही म्हणाली नाही, श्वास राखून होती. एकेक देवाचं नाव आलं की एकेक बोट दुमडत होती. वळणाशी होडी दिसेनाशी झाली, तरी आवाज येत होता. शेवटच्या देवाचं नाव आलं तेव्हा तिनं अंगठा आत घेतला, मूठ छातीशी धरली आणि म्हणाली, "बराबर."